भ्यालेल्या वीराबरोबर चार बैठका : गिदोनाचा अभ्यास कसा घ्यावा

गिदोन हा बायबलच्या जुन्या करारातला इस्राएलाचा एक नेता. त्याचे नाव काढले की तीनशे माणसे, मडकी आणि मशाली आठवतात. शब्बाथशाळेत ऐकलेली गोष्ट तिथेच संपते, कारण पुढचे लहान मुलांना सांगण्यासारखे नाही. पण मोठ्यांच्या बायबल अभ्यासातही पुष्कळदा सातवा अध्याय झाला की पुस्तक मिटतात. तसे करू नका. ‘शास्ते’ या पुस्तकातले सहा, सात आणि आठ हे अध्याय मिळून बरोबर १०० वचने होतात (४०, २५ आणि ३५). ती सगळी वाचली तरच या माणसाच्या विश्वासाचा आणि धैर्याचा हिशेब लागतो.

खाली दिलेली आखणी आठ ते बारा जणांच्या गटासाठी आहे. तरुण संघ असो, घरगुती प्रार्थनासभा असो की मंडळीतला आठवड्याचा बायबल अभ्यास, चार बैठका आणि प्रत्येकी सव्वा तास पुरतो. बारापेक्षा जास्त माणसे असतील तर दोन गट करा. मोठ्या गटात दोघे-तिघेच बोलतात आणि ज्यांच्या मनात खरी भीती आहे ते गप्प बसतात. या अभ्यासाला नेमकी त्यांचीच गरज आहे.

आधी स्वतः काय करायचे

पहिल्यांदा तिन्ही अध्याय एका बैठकीत, मोठ्याने वाचा. वीस-पंचवीस मिनिटे लागतात. टीकाग्रंथ आधी उघडू नका.

दुसऱ्या वाचनाला दोन पेन्सिली घ्या. जिथे कोणी भ्याले आहे, लपले आहे, रात्रीचा आडोसा घेतला आहे किंवा ‘भिऊ नको’ असे म्हटले आहे, तिथे लाल रेघ. जिथे परमेश्वर किंवा त्याचा दूत बोलतो तिथे निळी. एवढे एक काम मन लावून केले तर निम्मी तयारी झाली. लाल रेघा साधारण अशा पडतात (आधी अध्याय, मग वचन) : ६:२ मध्ये लोक डोंगरांतल्या गुहांत राहू लागले, ६:११ मध्ये गिदोन लपून धान्य झोडतो, ६:२२-२३ मध्ये त्याला मरणाची धास्ती वाटते, ६:२७ मध्ये तो घरच्यांना आणि गावाला भिऊन रात्री काम उरकतो, ६:३९ मध्ये रागावू नकोस अशी विनवणी करतो, ७:३ मध्ये भ्यालेल्यांना घरी जायची मुभा मिळते आणि ७:१० मध्ये खुद्द त्यालाच ‘भीती वाटत असेल तर’ असे म्हटले आहे.

आता निळ्या रेघा पाहा. सहाव्या अध्यायात आणि सातव्याच्या पूर्वार्धात त्या दाट आहेत. शेवटची निळी रेघ ७:११ वर पडते. आठव्या अध्यायात परमेश्वराचे नाव येते, त्याची शपथ घेतली जाते, पण तो गिदोनाशी एक शब्दही बोलत नाही. आणि त्याच अध्यायात गिदोनाची एकही लाल रेघ नाही. ८:१२ मध्ये घाबरून उधळते ते मिद्यानी, म्हणजे इस्राएलावर धाडी घालणाऱ्या शत्रूचे, सैन्य, ८:२० मध्ये भितो तो त्याचा पोरगा येथेर. जोवर गिदोन भीत होता तोवर परमेश्वर त्याच्याशी बोलत होता आणि तो ऐकत होता. भीती गेली तेव्हा विचारणेही थांबले. चारही बैठका या एका धाग्यावर उभ्या आहेत. गटाला मात्र हा निष्कर्ष आधी सांगू नका. चौथ्या बैठकीत रेघा त्यांच्या त्यांनाच दिसू द्या.

तिसरे वाचन नकाशा शेजारी ठेवून. एका तक्त्यावर इज्रेलचे खोरे काढा. खोऱ्याच्या दक्षिणेला गिलबोवा डोंगर, त्याच्या पायथ्याशी हरोदचा झरा, समोर उत्तरेला मोरे टेकडी, तिच्यापलीकडे ताबोर. पूर्वेला यार्देन नदी, तिच्या पलीकडे सुक्कोथ आणि पनुएल. झऱ्यावरून समोरची टेकडी आणि तिच्या पायथ्याचे रान स्पष्ट दिसते, म्हणजे शत्रूची छावणी डोळ्यांसमोर होती. हे खोरे इतके मोक्याचे की पुढे इ. स. १२६० मध्ये ममलूकांनी मंगोलांना अडवले ते ऐन जालूतला, म्हणजे याच झऱ्यापाशी.

शक्य असेल तर दोन मराठी भाषांतरे जवळ ठेवा. बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ घरोघरी असते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर मिळाले तर तेही घ्या. अडलेल्या शब्दापाशी दोन्ही उघडून बघितली की प्रश्न आपोआप निघतात.

पहिली बैठक : द्राक्षकुंडात गहू (६:१-२४)

मिद्यानी लोक उंटांवरून, तंबू आणि गुरेढोरे घेऊन, टोळधाडीसारखे येत. सात वर्षे असे चालले होते. पेरणी इस्राएलाची आणि पीक त्यांचे. याचा अर्थ समजावण्यासाठी शहरातल्या गटाला पाच मिनिटे द्या. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगावे लागत नाही.

मग ६:११ वर या आणि घाई करू नका. गिदोन द्राक्षकुंडात गहू झोडत आहे. खळे नेहमी उघड्यावर, वाऱ्याच्या जागी करतात. तिथे बैल फिरतात, मळणी होते आणि मग वाऱ्यावर उफणणी. द्राक्षकुंड म्हणजे खडकात खोदलेला हौद. वर द्राक्षे तुडवायची जागा, खाली रस साठायचा खड्डा. गव्हाच्या सुगीत ते रिकामे असते, कारण द्राक्षे नंतर पिकतात, त्यामुळे तिथे कोणी शोधायला येणार नाही. पण तिथे वाराही नाही. आणि मूळ हिब्रूत बैलांच्या मळणीचा शब्द नाही, काठीने झोडण्याचा आहे. रूथने वेचून आणलेले धान्य झोडले तिथे हाच शब्द येतो. म्हणजे धान्य थोडेच होते.

हे दाखवायला एक वाटी गहू आणि दोन मुठी भुसा एकत्र करा. फरशीवर जुनी चादर अंथरा. पंखा बंद ठेवून एकाला सूप खांद्याइतके उंच धरून सावकाश ओतायला सांगा. भुसा दाण्यांबरोबरच खाली येतो. दुसऱ्यांदा टेबलफॅन बाजूने लावा, वेग सगळ्यांत कमी. जास्त वेगाला दाणेही उडतात आणि सगळ्यांचे लक्ष केर काढण्याकडे जाते. मग विचारा : वारा नसलेल्या जागी गहू स्वच्छ करायला या माणसाला किती वेळ लागला असेल? त्या वेळात त्याच्या मनात काय चालले असेल?

अशा माणसाला दूत ‘बलवान वीरा’ म्हणून हाक मारतो. इथे हमखास कोणीतरी हसते आणि अभ्यास घेणारा पुढारीही त्यात सामील होतो. ते टाळा. मूळ शब्द ‘गिब्बोर हायिल’ हा रूथच्या पुस्तकात बवाजासाठीही आला आहे आणि तिथे त्याचा अर्थ प्रतिष्ठित, ऐपतदार माणूस असा आहे. गिदोन काही फाटका नव्हता. ६:२७ मध्ये त्याचे दहा चाकर दिसतात, गावाच्या बआलाची, म्हणजे कनानी देवाची, वेदी त्याच्या बापाच्या मालकीची होती. तरी ६:१५ मध्ये तो म्हणतो, माझे कुळ मनश्शे वंशात सर्वांत दुबळे आणि घरात मी सर्वांत लहान. गटाला विचारा : हे खरे आहे, की भीती बोलते आहे? दोन्ही बाजूंनी बोलू द्या. परमेश्वर त्याच्याशी वाद घालत नाही, तू शूर आहेस असेही पटवत नाही. ‘मी तुझ्याबरोबर असेन’ एवढेच म्हणतो.

एक तपशील बहुतेक जण ओलांडून जातात. पाहुण्यासाठी गिदोन करडू शिजवतो आणि एक एफा पिठाच्या बेखमीर भाकरी करतो. एफा म्हणजे सुमारे २२ लिटरचे माप, पीठ धरले तर साधारण १२ किलो. लपून झोडलेल्या गव्हाचे, उपासमारीच्या वर्षातले १२ किलो. दहा किलोचा पिठाचा डबा मध्ये ठेवून हे सांगा. तो सगळे एका खडकावर ठेवतो आणि ते जळून जाते. ज्याला अजून खात्री नाही त्याने एवढे दिले, याची नोंद वहीत करून ठेवा, पुढे लागेल.

दुसरी बैठक : घरची वेदी आणि अंगणातली लोकर (६:२५-४०)

मिद्यान्यांशी लढाई अजून दूर आहे. पहिला हुकूम येतो तो बापाच्या अंगणातला : बआलाची वेदी पाड, अशेरा देवीची लाकडी मूर्ती तोड, तिच्या लाकडावर सात वर्षांचा गोऱ्हा अर्पण कर. सात वर्षे म्हणजे मिद्यान्यांचा जाच सुरू झाला तेव्हा जन्मलेला बैल. गिदोन ते करतो, पण रात्री, कारण त्याला घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटते. शास्त्र हे लपवत नाही आणि त्याबद्दल त्याला बोलही लावत नाही. काम झाले का? झाले. सकाळी गाव त्याचा जीव मागायला येते तेव्हा बाप योवाश म्हणतो, बआल देव असेल तर त्याचे तो बघून घेईल. ज्याची वेदी पाडली तोच बाप पाठीशी उभा राहतो. गिदोनाला तोवर याची कल्पना नव्हती, हे गटाच्या लक्षात आणून द्या.

हा भाग घेताना गटाकडून होणारी एक चूक गंभीर आहे : या वचनांचा रोख इतरांच्या देवांकडे वळवणे. ही वेदी गिदोनाच्या स्वतःच्या घरातली होती, परमेश्वराशी करार केलेल्या लोकांनी स्वतः उभारलेली. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाला हात लावण्याची, शेजाऱ्याच्या देवाविषयी वाईट बोलण्याची परवानगी या वचनांत कुठेही नाही. आपल्याकडे आपली मंडळी इतर धर्मांच्या लोकांबरोबर एकाच आळीत, एकाच चाळीत राहते. बैठकीत कोणी त्या दिशेने बोलू लागला तर लगेच थांबवा आणि प्रश्न परत त्याच्याच अंगणात आणा : माझ्या घरात मी कशावर भिस्त ठेवून आहे? पैसा, जातीचा मान, मुलाची परदेशातली नोकरी, राजकीय पुढाऱ्याची ओळख. हे प्रत्येकाने वहीत लिहायचे, मोठ्याने वाचायचे नाही.

आता लोकर. ६:३४ मध्ये परमेश्वराचा आत्मा गिदोनावर येतो. मूळ क्रियापद अंगावर वस्त्र चढवण्याचे आहे, जणू आत्म्याने गिदोनाला पांघरले. तो कर्णा फुंकतो, माणसे गोळा होतात. आणि त्यानंतर, ६:३६ पासून, तो खूण मागतो. हा क्रम फळ्यावर लिहा. आत्मा आधी, शंका नंतर. ‘विश्वास असेल तर भीती वाटत नाही’ असे ठणकावून सांगणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा. या एका वाक्याने मंडळीत किती जण आपली भीती आतल्या आत दाबून बसतात.

प्रयोग करायचा असेल तर दव पडणाऱ्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, करा. वीतभर रुंदीचा जुन्या घोंगडीचा तुकडा रात्री गच्चीवर किंवा अंगणात उघड्यावर ठेवा. झाडाखाली किंवा छपराखाली ठेवला तर दव पडत नाही आणि प्रयोग फसतो. सूर्य उगवायच्या आत हात लावून पाहा. मग ऊन आल्यावर तासाभराने पुन्हा पाहा. जमीन लवकर सुकते, लोकर ओल धरून ठेवते. म्हणून पहिली खूण, लोकर ओली आणि जमीन कोरडी, कोणी नैसर्गिकही म्हणेल. वाटीभर पाणी पिळून निघाले तरी गिदोनाच्या मनातून ती शंका गेली नसावी, म्हणून तो दुसऱ्या दिवशी उलटी खूण मागतो : लोकर कोरडी, भोवतालची जमीन ओली. ती निसर्गाच्या चालीविरुद्ध आहे.

यानंतर हमखास प्रश्न येतो : मग आम्हीही खूण मागावी का? नोकरी घ्यावी की नाही, हे स्थळ पसंत करावे की नाही? शास्त्र कुठेही उघडून बोट ठेवायचे आणि येईल ते वचन उत्तर समजायचे, असेही काही जण करतात. उत्तर देताना ६:३६ पुन्हा वाचून दाखवा. गिदोन ‘तू म्हटल्याप्रमाणे’ असे म्हणतो. काय करायचे ते त्याला आधीच सांगितलेले होते. लोकर निर्णय घेण्यासाठी नव्हती, ठरलेल्या निर्णयात टिकण्यासाठी होती. आणि आपण मर्यादा ओलांडतो आहोत हेही तो जाणून होता. या प्रसंगाची पद्धत बनवू नये. पण खूण मागणाऱ्या भ्यालेल्या माणसाला हिणवूही नये, कारण परमेश्वराने हिणवले नाही.

तिसरी बैठक : ३२,००० ते ३०० (सातवा अध्याय)

आकड्यांपासून सुरुवात करा. गिदोनाकडे ३२,०००. शत्रूचा आकडा ८:१० मध्ये सापडतो : १,२०,००० पडले आणि १५,००० उरले, म्हणजे १,३५,०००. सुरुवातीलाच एकास चार असे प्रमाण. भ्यालेले २२,००० घरी जातात, १०,००० उरतात. पाण्यावर आणखी गळती होऊन ३०० राहतात, म्हणजे एकास साडेचारशे. हे गणित पुढाऱ्याने सांगू नये, गटातल्या कोणाकडून फळ्यावर करून घ्यावे.

घरी गेलेल्या २२,००० जणांना भेकड ठरवू नका. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, २०:८ मध्येच, नियम आहे की जो भ्याला आहे त्याने परत जावे, म्हणजे त्याच्यामुळे भावांचे धैर्य खचणार नाही. ‘हरोद’ या नावातही थरथरण्याचा अर्थ आहे. थरथरण्याच्या झऱ्यावर थरथरणाऱ्यांना रजा मिळाली. आणि मजा अशी की त्यांचा सेनापती स्वतः भ्यालेला होता, तरी त्याला मात्र रजा मिळाली नाही.

पाणी पिण्याच्या परीक्षेवर वर्षानुवर्षे एकच व्याख्यान होते : ज्यांनी ओंजळीने, चाटून पाणी प्याले ते सावध होते, गुडघे टेकणारे गाफील. वचनात असे काहीच नाही. परमेश्वर कारण देतो ते ७:२ मध्ये, आणि ते एवढेच की इस्राएलाने ‘माझ्याच हाताने मी वाचलो’ अशी बढाई मारू नये. चाटणारे जास्त चांगले सैनिक होते असे मानले तर ३०० निवडक शूरांनी लढाई जिंकली असा अर्थ होतो आणि सगळा मुद्दाच उलटतो. या व्याख्यानाला गटात पुष्कळ जण चिकटून असतील. त्यांना न दुखवता ७:२ पुन्हा वाचायला लावा.

मग ७:९-१५. रात्र आहे. परमेश्वर म्हणतो, खाली छावणीवर जा, पण तुला भीती वाटत असेल तर पुरा नावाच्या चाकराला घेऊन आधी नुसता जाऊन ऐकून ये. पुढचे वाक्य सांगते की तो पुराला घेऊन गेला. बस्स, कबुली झाली. शत्रूच्या तंबूबाहेर अंधारात बसून तो एकाचे स्वप्न ऐकतो : जवाची एक भाकर गडगडत आली आणि तंबू उलथून पडला. ऐकणारा सोबती त्याचा अर्थ गिदोनाशी लावतो. जव हे गरिबाचे धान्य. २ राजे ७:१ मध्ये त्याचा भाव गव्हाच्या निम्मा आहे. शत्रूच्या स्वप्नात गिदोन तलवार होऊन आला नाही, गरिबाची भाकर होऊन आला. ते ऐकून तो तिथेच, शत्रूच्या छावणीच्या कडेला, दंडवत घालतो. इथे वाचन थांबवा आणि दोन मिनिटे कोणी काही बोलू नये. सबंध कथेत गिदोनाचा विश्वास सगळ्यांत खरा दिसतो तो इथे, मशाली पेटायच्या आधी.

हल्ल्याचा तपशील मात्र बारकाईने घ्या, कारण त्यात मोठी युक्ती आहे. इस्राएलात रात्रीचे तीन प्रहर मानत. मधला प्रहर साधारण दहाला सुरू होतो. ‘नुकताच पहारा बदलला होता’ असे वचन सांगते. जुने पहारेकरी झोपायला निघालेले, नव्यांचे डोळे अंधाराला सरावलेले नाहीत, बाकीचे गाढ झोपेत. शंभर-शंभरच्या तीन तुकड्या तीन बाजूंनी. मशाल मडक्यात झाकलेली, म्हणजे जवळ येईपर्यंत उजेड दिसत नाही आणि हवा कमी मिळाल्याने ती धुमसत राहते. मडके फुटले की एकदम भडकते. एरवी कर्णे मोजक्यांकडेच असत, त्यामुळे ३०० कर्णे एकदम वाजले तर ऐकणाऱ्याला मागे प्रचंड सैन्य आहे असेच वाटणार. अंधारात छावणीत हालचाल करणारा प्रत्येक जण शत्रू वाटू लागतो, आणि ७:२२ मध्ये तेच होते : तलवारी एकमेकांवर चालतात.

आता ७:२० हातांनी करून दाखवायला सांगा. डाव्या हातात मशाल, उजव्यात कर्णा. ‘परमेश्वराची आणि गिदोनाची तलवार’ अशी आरोळी. मग विचारा : तलवार कोणत्या हातात आहे? दोन्ही हात गुंतलेले आहेत. हे उत्तर गटातून आले की पुढाऱ्याला काही सांगावे लागत नाही.

मडके फोडून दाखवायचे असेल तर तीन लहान बोळकी आणि तीन लहान बॅटऱ्या पुरतात. खरा विस्तव ठेवू नका. बंद खोलीत मडक्यातला धूर आणि फुटताना उडणारी ठिणगी दोन्ही धोक्याची. बोळके गोणपाटात गुंडाळून हलक्या हातोडीने फोडा, म्हणजे खापऱ्या उडत नाहीत. दिवे घालवा, तीन कोपऱ्यांत तिघांना उभे करा आणि एका इशाऱ्यावर एकदम फोडा. मागेपुढे झाले तर परिणाम जातो, म्हणून आधी रिकाम्या हाताने दोनदा सराव घ्या.

लहान मुलांचा वर्ग असेल तर तो इथेच संपवा. मेलेल्यांचे आकडे सांगू नका. ‘पुराला घेऊन गेला’ हा प्रसंग मात्र जरूर सांगा. रात्री एकट्याने अंगणात जायला घाबरणाऱ्या मुलाला तो लगेच कळतो.

चौथी बैठक : ज्याला आता भीती वाटत नाही (आठवा अध्याय, ९:१-६)

या बैठकीला पंधरा मिनिटे जास्त ठेवा. सगळ्यांना आपापले शास्त्र आणि लाल-निळ्या पेन्सिली घेऊन बसवा आणि आठवा अध्याय वाचताना त्यांनाच रेघा मारू द्या. निळी पेन्सिल बाजूला पडून राहते. तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदापर्यंत कोणीतरी विचारतेच, ‘इथे परमेश्वर कुठे आहे?’ तोवर पुढाऱ्याने तोंड उघडू नये.

सुरुवात चांगली आहे. इस्राएलातल्याच एफ्राईम वंशाचे लोक भांडायला येतात आणि गिदोन गोड शब्दांनी त्यांचा राग शांत करतो. पण हा मऊपणा बलवानांपुरता राहतो. तो यार्देन ओलांडतो, माणसे थकलेली आणि भुकेली. हरोदपासून सुक्कोथ सरळ रेषेत मोजले तरी सुमारे ४५ किलोमीटर. सुक्कोथ आणि पनुएलचे लोक भाकर नाकारतात, कारण गिदोन हरला तर मिद्यानी त्यांच्यावर सूड घेतील. म्हणजे तेही भ्यालेच होते. परत येताना गिदोन सुक्कोथच्या ७७ वडील माणसांची नावे लिहून घेतो, त्यांना रानातल्या काट्यांनी फोडून काढतो. पनुएलचा बुरूज पाडतो आणि गावातली माणसे मारतो. शांतपणे विचारा : द्राक्षकुंडात लपणाऱ्या माणसाला भ्यालेल्यांची कीव का आली नाही?

मग ८:१८-१९. जेबह आणि सलमुन्ना या पकडलेल्या राजांना तो विचारतो, ताबोरवर तुम्ही मारलेली माणसे कशी होती? ते त्याचे सख्खे भाऊ, आईच्या पोटचे. इतका वेळ हे आपल्याला कुठेही सांगितलेले नव्हते. इथे मागे जाऊन ६:१३ पुन्हा वाचा, जिथे तो विचारतो की परमेश्वर आमच्याबरोबर असेल तर हे सगळे का घडले. आता तो प्रश्न वेगळा ऐकू येतो. त्यामागे घरातले मढे होते. गटात ज्यांनी कोणाला गमावले आहे त्यांना इथे वेळ लागेल, लागू द्या. तो थोरल्या मुलाला, येथेरला, राजांना मारायला सांगतो. पोरगा तलवार उपसत नाही, भितो, कारण तो लहान आहे. या अध्यायात गिदोनाच्या बाजूचा भिणारा तो एकटाच, आणि त्याला ‘भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे’ असे म्हणणारे कोणी नाही.

पुढे लोक राजा हो म्हणतात. गिदोनाचे उत्तर अचूक आहे : परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील. पण लगेच तो लुटीतली सोन्याची कुंडले मागतो. १,७०० शेकेल, म्हणजे सुमारे १९ किलो सोने. त्याचे एफोद, म्हणजे याजकाच्या अंगवस्त्रासारखी वस्तू, करून आपल्या गावी, अफ्रात ठेवतो आणि सगळे इस्राएल त्याच्या नादी लागते. पहिल्या बैठकीतले १२ किलो पीठ इथे वहीतून वर काढा. भुकेच्या वर्षात त्याने घरचे पीठ खडकावर ठेवले होते. भरभराटीत लोकांचे सोने मागून घेतले. ज्या गावात त्याने बापाची वेदी पाडली त्याच गावात नवी वस्तू पुजली जाऊ लागली. देशाला ४० वर्षे स्वस्थता मिळाली हेही सांगा, तेही तितकेच खरे आहे. मग त्याच्या मुलाचे नाव विचारा : अबीमलेख, म्हणजे ‘माझा बाप राजा’. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला हाच मुलगा एका दगडावर आपल्या भावांची कत्तल करतो.

आता कोणी हमखास विचारेल, मग नव्या करारातल्या ‘इब्री’ या पत्रात, ११:३२ मध्ये, गिदोनाचे नाव विश्वासवीरांत कसे? त्या यादीत त्याच्या शेजारी बाराक, शमशोन आणि इफ्ताह आहेत, त्यांच्यातला एकही निर्दोष नाही. आणि दोन वचने पुढे, ११:३४ मध्ये, दुर्बळ असता सबळ झालेल्यांचा उल्लेख आहे. द्राक्षकुंड ते मशाली एवढ्या भागाला तो चपखल बसतो. सबळ झाल्यावर पुढे काय केले, याबद्दल इब्रीचा लेखक काही म्हणत नाही. ते शास्ते आठमध्ये नोंदलेले आहे.

कोणी पुराव्याचा प्रश्नही काढेल. इस्राएलात खिरबेत अर-राय इथे मडक्याच्या तुकड्यांवर शाईने लिहिलेले ‘यरुब्बाल’ हे नाव सापडल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. ते लिखाण इ. स. पू. ११०० च्या सुमाराचे मानतात. गिदोनाचे दुसरे नाव हेच. पण ते ठिकाण लाखीशजवळ, दक्षिणेला, इज्रेलच्या खोऱ्यापासून बरेच लांब आहे. शास्त्यांच्या काळात असे नाव ठेवत असत एवढे त्यावरून म्हणता येते. ते गिदोनाचेच मडके आहे असे कोणी सांगू लागला तर तिथे थांबवा.

ही मालिका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घेणे सोयीचे. नाताळच्या उपासनेत यशया ९ वाचतात तेव्हा वेळ वाचवायला पुष्कळदा थेट सहाव्या वचनावर, बाळ जन्मल्याच्या वाक्यावर, उडी मारतात. वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की चौथे वचन गाळायचे नाही. ‘मिद्यानाच्या दिवसाप्रमाणे’ हे शब्द त्यात आहेत.